पार्किन्सन्स: मामाजींचं पडणं थांबवायचं कसं?

बंगईवर | १४ मे, रात्री ११:४०

काल मामाजी परत पडले. होळीपासून हे सहावं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वय ७४, शाळेत गणित शिकवायचे. पार्किन्सन्सचं निदान होऊन सात वर्षं झाली. थरथर फारशी नाही, पण चाल पार बदललीय. पावलं लहान पडतात, चालताना डावा हात हलत नाही, वळताना जागच्या जागी अडखळतात. आम्ही नागपूरच्या महाल भागात जुन्या घरी राहतो. समोर छपरी, मधे बैठक, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला न्हाणीघर. प्रत्येक दाराला सागवानी चौकट आणि चांगला चार बोटं उंच उंबरठा. आजेसासऱ्यांनी हौसेनं बांधलेलं घर, तेव्हा पार्किन्सन्सचा विचार कोण करतो!

कालचं सांगते. पावणेअकरा वाजले होते. ताक काढायला फ्रिजपाशी गेले. दार जरा घट्ट आहे. त्यांनी जोर लावून ओढलं, दार उघडलं आणि हे त्याच झोक्यात मागे. सरळ, झाड पडावं तसे. आपण पडताना निदान धडपडतो, हात टेकतो. त्यांनी काहीच केलं नाही. ताकाचा गंज घरंगळत माझ्या पायाशी आला आणि त्यांचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं.

घरात तीन मतं आहेत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "यांचं लक्षच नसतं." नवरा म्हणतो, आता एकटं उठूच द्यायचं नाही, खुर्चीत बसवून ठेवायचं. मामाजी काही बोलत नाहीत. फार खोदून विचारलं तर म्हणतात, "पाय ऐकत नाहीत बेटा." चक्कर येते का विचारलं तर नाही म्हणतात, तरी जवळच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी चक्करची गोळी सुरू केली. तिनं फरक नाही, उलट जास्तच सुस्त झालेत.

ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांनी सांगा, काय केलंत?

तर्रीपोहे | १५ मे, सकाळी ७:०५

बाकी सगळं नंतर. डोकं आपटलंय, तर रक्त पातळ करायची काही गोळी चालू आहे का? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन? असेल तर आजच सीटी स्कॅन करा. आणि आज नॉर्मल आला तरी महिनाभर लक्ष ठेवा. माझे काका पडले तेव्हा हिंडत-फिरत होते. तीन आठवड्यांनी नुसते झोपून राहायला लागले, बोलणं जड झालं. डोक्यात हळूहळू रक्त साचलं होतं. घरच्यांना वाटलं वयामुळे होत असेल.

बंगईवर | १५ मे, सकाळी ७:३०

ॲस्पिरिन आहे. सीटी त्याच संध्याकाळी केला, ठीक आहे. पण तीन आठवड्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. कॅलेंडरवर लिहून ठेवते.

चालतेबोलते | १५ मे, दुपारी २:१५

मी फिजिओथेरपिस्ट, नागपुरातच. पार्किन्सन्सचे पेशंट रोज बघते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी आत्याबाईंना सांगा की लक्ष नसल्यामुळे पडले, हे खरं नाही. तुम्हाला मागून कुणी ओढलं तर तुमचं एक पाऊल आपोआप मागे जातं आणि तुम्ही सावरता. ते पाऊल तुम्ही ठरवून टाकत नाही. पार्किन्सन्समध्ये नेमकं हेच न ठरवता पडणारं पाऊल हरवतं. न्यूरॉलॉजिस्ट पेशंटच्या मागे उभे राहून खांदे झटकन मागे ओढतात ना, ते हेच बघायला. (घरी करून बघू नका, एकानं केलं होतं.) फ्रिजच्या दारानं मामाजींना तसंच मागे लोटलं, फक्त पुढून. लोखंडी कपाट, ड्रॉवर, आत ओढायचं दार, सगळीकडे हेच होणार. म्हणून दार उघडताना समोर उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे, दुसरा हात ओट्यावर, आणि मग ओढायचं.

लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीनं कडकपणा आणि मंदपणा सुधारतो, तोल मात्र तितका सुधारत नाही. त्यामुळे "गोळी वाढवा म्हणजे पडणार नाहीत" हा हिशोब दर वेळी बसत नाही. पण आपोआपचं पाऊल गेलं तरी मुद्दाम टाकलेलं पाऊल शिल्लक असतं. आमचं सगळं काम त्या मुद्दामवर चालतं. म्हणूनच चालताना त्यांच्याशी बोलू नका, हातात चहाचा कप देऊन पाठवू नका. एका वेळी एकच काम. बोलायचं असेल तर थांबून बोलायचं.

वळताना टाचेवर गर्रकन नाही वळायचं. बैलगाडी वळवतात तसा मोठा फेरा घ्यायचा, सहा-सात पावलांत.

दोन कामं आजच करा. एक, त्या चक्करच्या गोळीचं नाव वाचा. सिनारिझीन, फ्लुनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन असेल तर लगेच न्यूरॉलॉजिस्टला फोन लावा. ह्या गोळ्या मेंदूत डोपामिन ह्या रसायनाच्याच आड येतात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये आधीच जे कमी आहे त्याची वाट अडवतात. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देतात, त्याचंही तेच. दोन, एक वही करा. पडले किंवा पडता पडता वाचले की वेळ, जागा, काय करत होते आणि शेवटची गोळी कधी घेतली होती, एवढं लिहा. दोन आठवडे. मग इथे या.

बंगईवर | १५ मे, संध्याकाळी ६:५०

सिनारिझीनच निघाली! पाकीट समोर धरून बसलेय. न्यूरॉलॉजिस्टनी फोनवर बंद करायला सांगितली, म्हणाले बाकीच्या गोळ्यांना हात लावू नका. वही आणली आहे. मामाजींनीच तिच्यावर रेघा मारून रकाने पाडले, अक्षर एवढुसं एवढुसं झालंय त्यांचं.

लालहिरवा | १६ मे, पहाटे ४:३०

मी स्वतः पेशंट. रेल्वेत गार्ड होतो, अजनीला राहतो. वय ६९, बिमारीला नऊ वर्षं. झोप येत नाही म्हणून या वेळेला लिहून राहिलो.

सूनबाई, तुमचे मामाजी बोलत नाहीत कारण सांगता येत नाही जी. मी चांगला चालून राहिलो असतो, दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे चाललं, पाय तिथेच. मग मागून बायको म्हणते "चला नं, चला नं", की झालं, अजून घट्ट. लिफ्टचं दार, मेट्रोचं दार, गर्दी, कुठेही जागा अरुंद झाली की तेच. आणि गंमत पहा, जिना मी धडाधड चढतो. शेजारच्याला वाटते नाटक करून राहिला.

माझा उपाय सांगतो. ३४ वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. रुळाच्या जोडावरून चाक जायचं तो खटक-खट, खटक-खट आवाज अजून डोक्यात आहे. पाय चिकटले की मी थांबतो. पहिले श्वास. मग ताठ होतो. मग या पायावरून त्या पायावर वजन डोलवतो, दोन-तीनदा. मनात गाडी सुरू करतो आणि खटक म्हटलं की पाऊल. दहापैकी आठ वेळा सुटते. फिजिओ ताईंनी मोबाइलमध्ये टकटक वाजणारं मेट्रोनोमचं ॲप पण टाकून दिलं, पण माझी गाडीच बरी.

घरच्यांसाठी एक: ओढू नका. बाही धरून तर बिलकुल नाही. आपला पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवा आणि म्हणा, "हा ओलांडा." माझा नातू करते, आठ वर्षांचा आहे. त्याला खेळ वाटते.

चालतेबोलते | १६ मे, सकाळी ९:१०

काका, हेच मी शब्द जोडून शिकवते: थांबा, ताठ व्हा, डोला, पाऊल टाका.

जिन्याचं नाटक नाही. प्रत्येक पायरी म्हणजे डोळ्याला दिसणारी एक आडवी रेघ, तिच्यावर पाय टाकायचा हे ठरलेलं. सपाट फरशीवर तशी खूण नसते. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी ह्यांनी हेच त्यांच्या काकांच्या बाबतीत पाहिलं. सपाट जमिनीवर अडकणारे काका जिना मात्र सहज उतरायचे. मग त्यांनी जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालले. नेदरलँड्समधला एक पेशंट तर चार पावलं धड टाकू शकत नव्हता आणि सायकल मस्त चालवत होता. २०१० साली त्याची नोंद न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. (म्हणून कुणी मामाजींना सायकल देऊ नका. चढणं-उतरणं, सिग्नलला थांबणं आणि आपला रस्ता, तिन्ही वाईट. जागेवरची व्यायामाची सायकल चालेल.)

बर्डी_मेनरोड | १६ मे, दुपारी १:००

बसवून ठेवण्याबद्दल. आईला आम्ही बसवलं, प्रेमानंच. पडू नये म्हणून खुर्ची, खुर्चीसमोर टीव्ही, सगळं हातात. चार महिन्यांत मांड्या काटकुळ्या झाल्या. मग एक दिवस खुर्चीतून उठतानाच पडली आणि खुबा मोडला. चालताना नाही, उठताना. तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा.

सांबारवडी | १६ मे, दुपारी ३:२०

बोलायला सोपं आहे. माझे वडील दिवसाला चाळीस वेळा उठतात. मी घरून काम करते, मीटिंगमधून उठून किती वेळा धावू? पडले तर खुब्याचं ऑपरेशन, रजा, पैसे सगळं माझ्याच डोक्यावर. दिवसा बाई ठेवली तर ती मोबाइलमध्ये. मी बसवते. दुपारचे दोन तास तरी बसवते. मला त्याची लाज वाटत नाही.

बर्डी_मेनरोड | १६ मे, दुपारी ३:४५

तुमच्यावर बोट ठेवत नव्हतो ताई. दोन तास म्हणजे विश्रांती. आम्ही चोवीस तास केलं होतं.

चालतेबोलते | १६ मे, रात्री ८:००

सांबारवडी, चाळीस वेळा कशासाठी उठतात तेही लिहून बघा. पाणी, रिमोट, लघवी, की नुसती तळमळ? माझ्या एका पेशंटच्या गोळीचा अंमल उतरला की त्यांना बसवतच नसे, ते डॉक्टरांनी वेळ बदलून सुटलं. आणि दुपारी तुम्ही मीटिंगमध्ये असताना खुर्ची उंच, हातांची आणि जड असू द्या. प्लास्टिकची नको, ती त्यांच्याबरोबर सरकते.

बंगईवर | २ जून, रात्री १०:३०

वही घेऊन आलेय.

दोन आठवड्यांत पडणं आणि वाचणं मिळून ९ नोंदी. त्यातल्या ६ सकाळी साडेदहा ते बाराच्या मधल्या! पहिली गोळी सातला, दुसरी बाराला. म्हणजे साडेदहापासून गोळीचा अंमल उतरतो, मामाजी लाकडासारखे होतात, आणि नेमकं तेव्हाच ताक, पेपरवाला, अंगणातल्या कुंड्या. दोन नोंदी बेल वाजली तेव्हाच्या, घाईनं उठले. एक रात्रीची, न्हाणीघराच्या वाटेवर.

दुसरी गोष्ट माझी मलाच कळली. बाराची गोळी मी त्यांना जेवणाच्या ताटावर द्यायची, विसरू नये म्हणून. वरणभात, वर दही. डॉक्टर म्हणाले प्रोटीन आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दारानं आत जातात, वरण आधी घुसतं आणि गोळी बाहेर ताटकळते. आता गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. दिवसाच्या वेळा सात, अकरा, तीन, सात अशा केल्यात. सगळं मामाजींच्या वहीमुळे. डॉक्टरांनी वही हातात घेऊन चक्क पाच मिनिटं वाचली. मामाजींची छाती फुगली होती.

नवऱ्यानं खुर्चीचा आग्रह सोडलाय. बेल बदलून आत्याबाईंच्या खोलीत नेली आणि दारावर पाटी लावली: "दार उघडायला वेळ लागेल, थांबावे."

आता बंगईचा प्रश्न. छपरीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा आहे. मामाजी तिथेच बसतात, वर्षानुवर्षं. पण परवा उठताना तिच्या साखळीचा आधार घेतला, बंगई मागे गेली आणि हे पुढे. काढावी का? काढा म्हटलं तर ते जेवणार नाहीत.

तर्रीपोहे | २ जून, रात्री १०:५५

काढू नका, बांधा. मागच्या खिडकीच्या गजाला दोरी बांधून पक्की उभी करा. ते बसू देत. झोका गेला तरी जागा तीच राहील.

ऑरेंजसिटी५६ | ३ जून, सकाळी ६:१५

रक्तदाब कोणी बघितला का? झोपलेला आणि उभा, दोन्ही. पार्किन्सन्समध्ये उभं राहताच रक्तदाब घसरू शकतो. पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना सांगा. सगळ्यांनाच चक्कर जाणवत नाही. आमच्या आबाजींना फक्त मान आणि खांदे दुखायचे आणि डोळ्यापुढे धूसर व्हायचं.

त्यात आपलं ऊन. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं, आठवतं ना? घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होतं, त्यात रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी दोन्ही रक्तदाब खाली आणणाऱ्या. शिवाय मे-जूनमध्ये घराघरात कूलर. पाणी ठिबकतं, फरशीवर डबकं होतं, पायपुसणं गुंडाळलं जातं.

बंगईवर | ५ जून, रात्री ९:००

मोजला. झोपून १३८/८०, उभं राहून एका मिनिटानं ११२/६६. चक्कर नाही म्हणणारे मामाजी त्याच वेळी म्हणाले, "हो, जरा अंधारल्यासारखं होतं, रोजच होतं." रोजच होतं! डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली. सकाळी उठायच्या आधी पलंगावर बसूनच दोन ग्लास पाणी, मग दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, पंजे वरखाली करायचे, मग उभं. उशाकडचे पलंगाचे पाय विटा लावून उंच केलेत. हृदयाचं काही दुखणं असेल तर पाणी-मीठ आपल्या मनानं वाढवू नका, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

कूलरचं ऐकून अंगावर काटा आला. आमचाही ठिबकत होता, खाली बादली होती, आणि त्या बादलीला मामाजी वळसा घालून जायचे. आता खिडकीबाहेर लावलाय.

वर्धारोडवरून | ९ जून, दुपारी १२:१०

थोडं वेगळं लिहिते, घाबरवायला नाही. माझ्या मावशीच्या यजमानांना पार्किन्सन्स सांगितला होता आणि पहिल्या वर्षातच ते मागच्या मागे पडायला लागले. गोळ्यांचा जवळजवळ उपयोग नाही. जेवताना शर्टावर सांडायचं, कारण ताटाकडे खाली बघताच यायचं नाही. जिना उतरताना पायरी दिसायची नाही. दोन वर्षांनी मोठ्या ठिकाणी दाखवलं तेव्हा पीएसपी निघाला, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. दिसायला पार्किन्सन्ससारखाच, पण आजार दुसरा. निदान झाल्या झाल्याच पडणं सुरू झालं असेल तर न्यूरॉलॉजिस्टला परत विचारा. मामाजींना सात वर्षं झालीत म्हणजे गोष्ट निराळी दिसते.

गावाकडचा_वैद्य_नाही | ९ जून, दुपारी ४:००

खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण देऊन बघा, त्यात लेव्होडोपाच असतं म्हणे. नैसर्गिक आहे.

चालतेबोलते | ९ जून, रात्री ९:२०

असतं, खरंच असतं. म्हणूनच मनानं देऊ नका. गोळीतलं लेव्होडोपा मोजलेलं असतं, चमचाभर चूर्णातलं नसतं. दोन्ही मिळून जास्त झालं की हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात आणि रक्तदाब अजून पडतो. द्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून द्या.

मेंदूत तार घालायच्या ऑपरेशनबद्दल मला दोघांनी निरोपात विचारलं, तेही इथेच लिहिते. जी लक्षणं गोळीनं सुधारतात ती साधारणपणे त्या ऑपरेशननं सुधारतात. गोळी चढलेली असतानाही माणूस पडत असेल, तर त्या पडण्यासाठी ऑपरेशनकडून फार आशा ठेवू नये.

व्यायामाचं म्हणाल तर तोलाचा व्यायाम वेगळा असतो, नुसतं अंबाझरी तलावाला फेरी मारणं पुरत नाही. ताई ची नावाचा संथ चिनी व्यायामप्रकार आहे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत राहायचं. अमेरिकेत १९५ पेशंटवर २४ आठवडे करून बघितला, २०१२ साली छापून आलं. नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षा ते कमी पडले. इथे ताई ची शिकवणारं कुणी मिळालं नाही तर फिजिओकडून वजन डोलवण्याचे, मोठी पावलं टाकण्याचे व्यायाम घ्या. गोळी चढलेली असताना, आणि शेजारी कुणीतरी हवंच.

लालहिरवा | १० जून, पहाटे ५:००

न्हाणीघराचं कोणी बोललं नाही, मी बोलतो. टॉवेल टांगायची दांडी म्हणजे आधार नाही. मी धरली, भिंतीतून स्क्रूसकट हातात आली नं. टाइल्सचा चुरा नाकातोंडात. आता मिस्त्री बोलावून स्टीलच्या जाड दांड्या भिंतीत खोल ठोकून घेतल्या, एक कमोडजवळ, एक नळाजवळ. रबरी कपवाल्या चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्या घेऊ नका, ओल्या टाइलवरून सुटतात. रात्रीसाठी पलंगाजवळ लघवीचं भांडं. लाज वाटली पहिले, आता नाही वाटत.

चप्पल बंद केली. मागे पट्टा असलेली सँडल घालतो. तळवा फार चिकट रबराचा नको, पाय घासत चालतो आपण, तिथेच अडकते.

वॉकर घ्यायचा असेल तर उचलून ठेवायचा चौकोनी घेऊ नका. उचला, ठेवा, चाला, यात माझी गाडी दर दोन पावलांनी सिग्नलला उभी. चाकं आणि हाताचे ब्रेक असलेला घ्या, पण फिजिओसमोर चालवून. बिनब्रेकचा तर पळूनच जाते, मागे तुम्ही.

सांबारवडी | १० जून, सकाळी ८:४०

पडल्यावर उचलायचं कसं? माझी कंबर गेलीये.

चालतेबोलते | १० जून, सकाळी ११:००

काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो आणि तुमची कंबर जाते. आधी काही करू नका, दोन मिनिटं तसंच राहू द्या, उशी द्या. जांघेत दुखतंय का, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो का? तसं असेल तर हलवू नका, १०८ ला फोन. नसेल तर कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, समोर जड खुर्ची. हात खुर्चीवर, बळकट पाय पुढे, आणि तुम्ही मागून कमरेला फक्त दिशा द्या. जोर त्यांचा. मागे दुसरी खुर्ची तयार ठेवा, उठले की बसवा.

आणि कधी भरती करावं लागलं तर पार्किन्सन्सच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळांचा कागद बरोबर न्या, नर्सच्या हातात द्या. ह्या गोळ्या अचानक तोडायच्या नसतात. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासलं का कुणी? पडणाऱ्या माणसाचं ते आधी बघावं.

बंगईवर | ३ सप्टेंबर, रात्री ११:१५

बऱ्याच दिवसांनी आलेय. मधे पावसाळा गेला, महालक्ष्म्या झाल्या. जूनपासून मामाजी दोनदा पडले, दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, अंगणातल्या शेवाळावर. मनगटाला फ्रॅक्चर झालं, प्लास्टर निघालं. म्हणजे थांबलेलं नाही.

पण परवाचं सांगायला आलेय. महालक्ष्म्या आणायच्या दिवशी आत्याबाईंनी रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढली, अंगणापासून स्वयंपाकघर, बैठक, थेट मखरापर्यंत. आम्ही सगळे गडबडीत. मामाजी अंगणातून आत यायला निघाले, आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी ते नेहमी अडकतात, पाय थरथर थरथर, कधी पूर्ण मिनिट. मी हातातलं ताट ठेवून धावले. तोवर ते आत आले होते. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून एकेक पाऊल उचलून, ओलांडून चालले होते. उंबरठासुद्धा तसाच ओलांडला. बैठकीतून मखरापर्यंत एकदाही थांबले नाहीत. तिथे पोहोचून मागे वळून (मोठा फेरा घेऊन!) त्यांनी त्या पावलांकडे बघितलं आणि म्हणाले, "अंतर असमान आहे."

विसर्जनानंतर आत्याबाई रांगोळी पुसायला लागल्या तर म्हणाले, थांबा. फूटपट्टी मागवली. मी पावलांमधलं अंतर मोजत गेले, ते बंगईवर बसून लिहीत होते. कुठे ३० सेंटिमीटर, कुठे ५०. शेवटी ठरवलं, ४५. आज सकाळी नवऱ्यानं त्यांच्या देखरेखीखाली अंगणापासून बैठकीपर्यंत पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. दोनदा चुकल्या, दोनदा काढायला लावल्या.

चालताहेत. एक अडचण आहे, शहाबादी फरशीवर पट्टी टिकत नाही, पुसताना टोकं उचलली जातात. त्यात पाय अडकेल अशी भीती. काय लावू?

तर्रीपोहे | ३ सप्टेंबर, रात्री ११:३०

पट्टी काढाच, उचललेलं टोक वाईट. ऑइल पेंट मारा. फरशी आधी साबणानं धुऊन दोन दिवस कोरडी होऊ द्या, मग रेघेच्या दोन्ही कडांना तात्पुरत्या पट्ट्या लावून त्यांच्या मधे ब्रशनं पातळ दोन हात. जाड थर देऊ नका, गुळगुळीत होतो. वाळेपर्यंत मामाजींना छपरीतच ठेवा.

लालहिरवा | ४ सप्टेंबर, पहाटे ४:४५

पिवळा मारा जी. प्लॅटफॉर्मच्या कडेला असते तसा. पांढरा संध्याकाळी दिसत नाही.

बंगईवर | ४ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मामाजींना विचारलं. पिवळा. आणि रेघेची रुंदी ५ सेंटिमीटर, ते म्हणताहेत लिहून घे.